रॉक, ब्लूज आणि उचललेल्या चाली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ब्लूज (अमेरिकेतील काळ्या कलावंतांचे लोकसंगीत) तबकड्या गोळा करणे आणि चार मित्रांना बोलावून त्या ऐकवणे हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. अशा बैठकीत लेड झेपेलिन या इंग्रजी रॉक बँडचे नाव निघाले की कोणीतरी 'ते तर चोरच' म्हणतो आणि दुसरा कोणीतरी 'ब्लूजमध्ये सगळेच उचलतात' असे म्हणून विषय मिटवू पाहतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तबकडीच्या लेबलावर गाण्याखाली बारीक अक्षरांत छापलेले नाव मात्र दोघांनीही वाचलेले नसते. पुढील उत्तरे प्रामुख्याने त्या नावाविषयी आहेत.

ब्लूज गायक एकमेकांच्या ओळी घेतच आले आहेत. मग चोरीचा प्रश्न येतोच कुठे?

जात्यावरच्या ओव्या ज्याप्रमाणे माहेरच्या गावातून सासरच्या गावात गेल्या, तिथे एखादा शब्द बदलला, एखादे नाव बदलले आणि तरीही ओवी कोणाची असे कोणी विचारले नाही, त्याचप्रमाणे मिसिसिपीच्या डेल्टातल्या ओळी एका गायकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. लिंबू पिळण्याची ती प्रसिद्ध चावट ओळ आपण लेड झेपेलिनच्या 'द लेमन साँग'मध्ये ऐकतो. ती रॉबर्ट जॉन्सनने १९३७ मध्ये 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज'मध्ये गायली होती, आणि त्याच वर्षी त्याच्याही आधी आर्ट मॅके याच्या तबकडीत ती आलेली होती. मॅकेला ती कुठे मिळाली याचा माग काढत बसण्यात अर्थ नाही. आपल्या अभंगाला 'तुका म्हणे' अशी नाममुद्रा तरी असते (आणि ती असूनही प्रक्षिप्त अभंगांचे वाद मिटलेले नाहीत). ब्लूजच्या ओळीला तीही नव्हती.

ही देवघेव चालू होती तोवर त्या ओळीवर कोणालाच फारसा पैसा मिळत नव्हता. तबकड्या लाखांनी खपू लागल्या, गाण्याची नोंदणी होऊ लागली आणि नोंदणीच्या अर्जावर 'रचनाकार' असा रकाना आला, तेव्हा सामाईक विहिरीवर कोणाचे तरी नाव लागणे अटळ झाले. ते नाव कोणाचे लागले, हा खरा तंट्याचा विषय आहे.

पण सगळी ब्लूज गाणी एकसारखीच वाटतात. त्यात 'मूळ' असे काय असते?

सांगाडा एकच असतो, हे खरे आहे. चार मात्रांचे बारा 'बार' असतात. सा, म आणि प या तीन स्वरांवर उभारलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ठरलेल्या जागी येतात. गिटारवर ई पट्टीत वाजवायचे तर पहिले चार बार ई, मग दोन ए, दोन ई, त्यानंतर बी सेव्हन आणि ए यांचा एकेक बार, आणि शेवटी परत ई. गायक पहिली ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. या सांगाड्यावर कोणाचाही हक्क नाही, जसा तो भूपाच्या आरोह-अवरोहावर नाही. हक्क सांगता येतो तो त्यावर बसवलेल्या विशिष्ट शब्दांवर, गळ्यातून निघालेल्या चालीवर, आणि काही वेळा गिटारच्या एखाद्या ठळक रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर. खटल्यात दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ याच सीमारेषेवर भांडतात : एक म्हणतो ही चाल आहे, दुसरा म्हणतो हा सांगाडा आहे.

श्रेय म्हणजे नुसता मानसन्मान की त्यात पैसाही असतो?

त्यात पैसाच मुख्य असतो. अमेरिकी कायद्यानुसार गाण्याची रचना आणि त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. एकदा गाणे तबकडीवर आले की दुसरा कोणीही ते परवानगीवाचून पुन्हा गाऊन मुद्रित करू शकतो. फक्त रचनेच्या मालकाला कायद्याने ठरवलेला दर द्यावा लागतो. १९०९ ते १९७७ हा दर एका प्रतीमागे एका गाण्याला दोन सेंट होता. एवढी वर्षे तो बदललाच नाही, हे वाचून भाडे नियंत्रण कायद्याखालची मुंबईची पागडीची खोली आठवते. दहा लाख प्रती खपल्या तर वीस हजार डॉलर होतात. साधारण प्रथेनुसार त्यातले निम्मे प्रकाशकाचे आणि निम्मे लेखकाचे. रेडिओवरून, मैफलींतून आणि पुढे जाहिराती व चित्रपट यांतून येणारे पैसे वेगळेच.

यावरून लक्षात येईल की जुने गाणे प्रामाणिकपणे 'कव्हर' म्हणून गायले तर ते दोन सेंट बाहेर जातात, आणि तेच गाणे थोडे फिरवून खाली स्वतःचे नाव घातले तर ते घरात राहतात.

मात्र योग्य नाव छापले म्हणजे पैसे पोहोचलेच असेही नाही. एल्विस प्रेस्लीची १९५४ मधील पहिली तबकडी 'दॅट्स ऑल राइट' ही आर्थर 'बिग बॉय' क्रूडप याची रचना. लेबलावर नाव बरोबर होते. तरीही क्रूडपच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही, कारण हक्क दुसऱ्यांच्या हातात होते, आणि १९७४ मध्ये तो गेला तेव्हाही ते येणे बाकीच होते.

लेड झेपेलिनवरच एवढे आरोप का होतात?

त्यांनी उचलले पुष्कळ, त्यांच्या तबकड्या खपल्या प्रचंड, आणि श्रेयाच्या बाबतीत त्यांचे वागणे एकसारखे नव्हते. १९६९ च्या जानेवारीत आलेल्या पहिल्याच अल्बममध्ये विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या दोन गाण्यांखाली डिक्सनचे नाव व्यवस्थित छापलेले आहे. म्हणजे प्रथा त्यांना ठाऊक होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बममधील 'होल लोटा लव्ह'खाली मात्र चौघा झेपेलिनकरांचीच नावे होती.

हे गाणे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मडी वॉटर्स या ब्लूज गायकाने १९६२ मध्ये डिक्सनचे 'यू नीड लव्ह' गायले. ते इंग्लंडमध्ये पोहोचले, आणि १९६६ मध्ये स्मॉल फेसेस या बँडने ते 'यू नीड लव्हिंग' या नावाने, स्टीव्ह मॅरियटच्या तारस्वरातल्या गळ्याने गायले आणि श्रेय स्वतःकडेच ठेवले. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याचे गाणे ऐकताना मडी आणि मॅरियट दोघेही एकाच वेळी ऐकू येतात. शब्द तर उघड उघड डिक्सनचे आहेत. पण ज्या रिफमुळे जगभरच्या पोरांनी गिटार हातात घेतली, तो त्यांचा गिटारवादक जिमी पेज याचा रिफ मडीच्या तबकडीत कुठेही नाही. मध्यावरचा तो विचित्र आवाजांचा गोंगाटही नाही. त्यामुळे 'सगळेच चोरलेले' असे म्हणणे ऐकणाऱ्याच्या कानाला खोटे पाडणारे आहे. डिक्सनला हे साम्य त्याच्या मुलीने दाखवून दिले. त्याने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि आता त्या गाण्याखाली पाचवे नाव डिक्सनचे असते.

त्याच अल्बममधील 'ब्रिंग इट ऑन होम' आणि हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोअर'वर बेतलेले 'द लेमन साँग' यांवरून आर्क म्युझिक या प्रकाशक कंपनीने १९७२ मध्ये दावा लावला; त्याचाही निकाल तडजोडीने लागला. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे तर ब्लूजचे गाणेच नव्हे. ते जेक होम्स नावाच्या गायकाने १९६७ मध्ये मुद्रित केले होते, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पेज ज्या बँडमध्ये होता त्या यार्डबर्ड्सच्या कार्यक्रमाआधी ते गायलेही होते. होम्सने २०१० मध्ये दावा केला, आणि २०१२ मध्ये आलेल्या मैफिलीच्या अल्बमवर 'पेज, जेक होम्सवरून प्रेरित' अशी शब्दयोजना आली. डिक्सनच्या वेळी 'परंपरेतून घेतले' असे निदान म्हणता तरी आले असते. होम्सच्या बाबतीत ती सबबही नव्हती. माझ्या मते सगळ्या प्रकरणांत हे सर्वांत वाईट.

याच बँडने १९७१ मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' केले तेव्हा आपल्या नावांबरोबर मेम्फिस मिनीचे नाव घातले. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचे हे गाणे तिने आणि कॅन्सस जो मॅकॉय याने १९२९ मध्ये मुद्रित केले होते. कॅन्सस जोचे नाव मात्र लेबलावरून गळाले.

'स्टेअरवे टू हेवन' चोरीचे आहे का?

न्यायालयाने नाही म्हटले आहे, आणि माझे कानही तेच म्हणतात.

आरोप असा होता की १९७१ च्या या गाण्याची गिटारवरची सुरुवात स्पिरिट या बँडच्या 'टॉरस' या १९६८ मधील वाद्यरचनेतून घेतली आहे. दोन्हींत ए मायनर कॉर्डखाली एक स्वरमाला पायरी पायरीने उतरते : ए, जी शार्प, जी, एफ शार्प, एफ. ए हा षड्ज धरला तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. पेटीवर वाजवून पाहा; ही घसरण ओळखीची वाटेल, कारण युरोपीय संगीतात ती सतराव्या शतकापासून शोकगीतांत वापरली जाते. 'मेरी पॉपिन्स' या १९६४ च्या चित्रपटातील 'चिम चिम चेरी'तही ती आहे आणि खटल्यात त्या गाण्याचा उल्लेखही झाला. फरक वरच्या तारेत आहे. 'स्टेअरवे'मध्ये खालचा स्वर उतरत असताना वरचा सा, रे, कोमल ग असा चढतो, आणि त्या दोघांच्या ताणातूनच त्या सुरुवातीची ओढ निर्माण होते.

'टॉरस'चा रचनाकार रँडी कॅलिफोर्निया १९९७ मध्ये हवाईच्या समुद्रात बुडून मरण पावला. दावा लावला तो त्याच्या वारशाची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्ताने, २०१४ मध्ये. एवढा उशीर कसा चालला असे अनेक जण विचारतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरवले होते की गाणे (किंवा चित्रपट) अजून विकले जात असेल तर केवळ विलंबाच्या कारणावरून दावा फेटाळता येणार नाही. भरपाई मात्र मागील तीन वर्षांपुरतीच मागता येईल.

लॉस एंजेलिसमध्ये २०१६ मध्ये खटला चालला तेव्हा ज्यूरीला 'टॉरस'ची मूळ तबकडी तुलनेसाठी ऐकवलीच गेली नाही. १९०९ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या गाण्याचे संरक्षण सरकारदरबारी जमा केलेल्या लिखित नोटेशनपुरतेच होते, त्यामुळे तो एक पानाचा कागद वाजवून दाखवण्यात आला. ज्यूरीने मान्य केले की पेज आणि प्लांट यांना ती रचना ऐकण्याची संधी होती, पण दोन रचनांत कायद्याला लागणारे साम्य नाही असे ठरवले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी फेरखटल्याचा आदेश दिला. मार्च २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरवून ज्यूरीचा निर्णय कायम केला, आणि त्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. निकाल मला पटतो. पण कागदावर नीट उतरवून घेण्याइतका पैसा किंवा सवड ज्याच्याकडे नव्हती, त्याच्या संगीताला हा कागदाचा नियम किती अन्यायकारक ठरतो, हे 'टॉरस' बाजूला ठेवूनही दिसते. निम्मा ब्लूज कागदावर मावतच नाही.

नकळत चोरी होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ती गुन्ह्यातून सोडवतही नाही. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७० मधील 'माय स्वीट लॉर्ड'विरुद्ध 'ही इज सो फाइन' या शिफॉन्स नावाच्या गायिकांच्या गटाच्या १९६३ मधील गाण्याच्या मालकांनी दावा केला. न्यायाधीशांनी दोन्ही गाण्यांचे अक्षरशः तुकडे पाडले. पहिला तुकडा प-ग-रे, दोन्ही गाण्यांत चार वेळा. दुसरा प-ध-सा-ध-सा, एकात चार वेळा तर दुसऱ्यात तीन वेळा. शिवाय त्यातली एक हलकीशी हरकतही दोन्हींकडे त्याच जागी. यातला कोणताही तुकडा एकटा घेतला तर सामान्यच आहे, पण त्याच क्रमाने, तेवढ्याच आवर्तनांत दोन्ही येणे हा योगायोग म्हणायला जड गेले. १९७६ मध्ये निकाल लागला : हॅरिसनने हे जाणूनबुजून केले नाही, त्याच्या अंतर्मनाने केले, आणि तरीही हे उल्लंघनच आहे.

पुढचा भाग एखाद्या भाऊबंदकीच्या नाटकात शोभावा असा आहे. हॅरिसनचा माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने दाव्याच्या सुरुवातीला त्याची बाजू सांभाळली होती. नंतर त्याच क्लाइनने फिर्यादी कंपनीकडून त्या गाण्याचे हक्क ५,८७,००० डॉलरला विकत घेतले आणि तो समोरच्या बाकावर जाऊन बसला. न्यायालयाने हा कावा ओळखला आणि हॅरिसनने त्याला तेवढेच ५,८७,००० आणि त्यावरचे व्याज द्यावे, नफा नाही, असे ठरवले.

स्वतःचीच चाल चोरल्याबद्दल खटला होतो, हे खरे आहे?

खरे आहे. जॉन फोगर्टीच्या जुन्या बँडच्या गाण्यांचे हक्क फँटसी या कंपनीकडे होते. फोगर्टीने १९८४ च्या अखेरीस 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' काढले तेव्हा ते त्याच्याच १९७० मधील 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल असल्याचा दावा कंपनीने लावला. फोगर्टीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून आपली शैली आणि आपले गाणे यांतला फरक दाखवला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला.

'पारंपरिक' असे छापले की जबाबदारी संपते का?

गाणे खरोखर पारंपरिक असेल तर बऱ्याच अंशी संपते, पण या शब्दाइतका सोयीचा पडदा दुसरा नाही. 'बेब, आय एम गॉना लीव्ह यू' लेड झेपेलिनने पारंपरिक म्हणून छापले. वास्तविक ते ॲन ब्रेडन नावाच्या, तेव्हा हयात असलेल्या बाईंनी लिहिले होते. १९९० पासून त्यांचे नाव त्यावर आले.

उलट बाजूही आहे. पारंपरिक गाण्याची 'मांडणी' करणाऱ्यालाही रॉयल्टी मिळते. ॲनिमल्स या बँडच्या १९६४ मधील 'हाउस ऑफ द रायझिंग सन'चे ते श्रेय पाच जणांच्या बँडमधून एकट्या ॲलन प्राइसकडे गेले, ज्या मांडणीतला गिटारचा तुकडा आजही प्रत्येक नवशिका आधी शिकतो तो दुसऱ्याने वाजवलेला असूनही.

लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बममधील 'ब्लॅक माउंटन साइड' हे आपल्याकडच्या श्रोत्याचे कान टवकारणारे उदाहरण आहे, कारण त्यात विराम जसानी यांचा तबला आहे. मूळ आयरिश लोकगीत; ते गिटारवर बसवण्याची जी पद्धत आपण ऐकतो ती बर्ट जान्शची, १९६६ च्या तबकडीतील; आणि लेबलावर नाव फक्त पेजचे.

नाव ठाऊक असूनही गाणे बेवारस होऊ शकते, हे झेडझेड टॉप या बँडच्या प्रकरणात दिसले. 'ला ग्रेंज' या त्यांच्या १९७३ मधील गाण्याचा ठेका जॉन ली हूकरच्या १९४८ मधील 'बूगी चिलन'मधून आल्याचा दावा होता. अपील न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले की जुन्या काळी तबकडी विकणे म्हणजेच रचना प्रकाशित करणे, आणि तेव्हा नोंदणी झाली नसेल तर रचना सार्वजनिक झाली. या न्यायाने हजारो ब्लूज रचना एका फटक्यात उघड्यावर पडल्या असत्या. अखेर १९९७ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा दुरुस्त केला.

वादकाने वाजवलेल्या तुकड्याला रचनेचे श्रेय मिळते का?

सहसा नाही, आणि बँड फुटण्याचे ते एक जुने कारण आहे. प्रोकोल हॅरमच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'वरचा ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर १९६७ पासून गप्प होता. २००६ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) तो कायम केला. मागील चार दशकांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणजे गोऱ्या रॉकवाल्यांनी काळ्या कलावंतांना लुटले, असेच ना?

पुष्कळदा असेच, पण लुटणारे फक्त गिटारवाले नव्हते. चक बेरीच्या १९५५ मधील 'मेबलीन'वर बेरीबरोबर आणखी दोन नावे होती : एक ॲलन फ्रीड, ज्याने रेडिओवर ते वाजवायचे होते, आणि दुसरे रस फ्रॅटो, जो चेस या रेकॉर्ड कंपनीचा घरमालक. रचनेशी दोघांचा काडीचा संबंध नव्हता. बेरीला पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ उजाडले. (आणि 'मेबलीन' स्वतः 'आयडा रेड' या जुन्या लोकगीतावर बेतलेले आहे.) वर ज्या आर्क म्युझिकने लेड झेपेलिनवर दावा लावला, ती चेस बंधूंच्याच भागीदारीतली प्रकाशन कंपनी, आपले हक्क तिच्याकडून सोडवून घेण्यासाठी डिक्सनला १९७० च्या दशकात तिच्याविरुद्धच उभे राहावे लागले.

सरळ वागणेही अशक्य नव्हते. क्रीम या बँडने १९६६ मध्ये ब्लूज गायक स्किप जेम्सचे 'आय एम सो ग्लॅड' गायले, त्याचे नाव छापले, आणि त्या रॉयल्टीने आजारी जेम्सचा दवाखान्याचा खर्च भागवण्यास मदत झाली.

आमच्या कॉलेजच्या बँडला ही गाणी वाजवायची असतील तर?

हॉलमध्ये किंवा कॅफेत वाजवण्याचा परवाना सहसा आयोजक किंवा जागेचा मालक आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडून घेतो. त्याने तो घेतला आहे का हे विचारून ठेवावे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचे असेल तर भारतीय कायद्याचे २०१२ मधील कलम ३१सी पाहावे, ज्यात मूळ मुद्रणानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना व रॉयल्टी देऊन कव्हर करता येते. मंचावरून मूळ रचनाकाराचे नाव घ्यायला परवाना लागत नाही.

मूळ गाणी ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'यू शूक मी'पासून करावी. लेड झेपेलिनची १९६९ मधील आवृत्ती ऐकावी, खाली डिक्सनचे नाव पाहावे आणि मग १९६२ मधील मडी वॉटर्सची लावावी. मडी गातो त्याच्या मागे एक स्लाइड गिटार आहे, गळ्याच्या अगदी लगत चालणारी, माणसासारखी बोलणारी. ती मडीसाठी वाजवलेलीच नव्हती. अर्ल हूकर नावाच्या शिकागोच्या गिटारवादकाने १९६१ मध्ये 'ब्लू गिटार' ही शब्दांवाचूनची रचना मुद्रित केली होती. चेसने ते मुद्रण घेतले, त्यावर डिक्सनचे शब्द मडीच्या आवाजात चढवले आणि नव्या नावाने विकले. चाल हूकरच्या गिटारची, आणि रचनाकारांत हूकर नाही. तो १९७० मध्ये क्षयाने गेला. 'ब्लू गिटार' सापडते. ती मडीच्या आधी ऐकू नका, नंतर ऐका.